विश्लेषण : हृदयाचे ‘पंपिंग’ ३५ टक्के म्हणजे नेमके काय? भिंतींची हालचाल दाखवणारा एमआरआय कुठे उपयोगी, कुठे नाही?

टूडी इकोचा अहवाल हाती आला की नातेवाइकांची नजर एकाच आकड्यावर खिळते : ‘एलव्हीईएफ ३५ टक्के’. डॉक्टर तो सोपा करून सांगतात, ‘हार्टचं पंपिंग ३५ टक्के आहे.’ मग गावाकडे फोन जातो तो ‘बाबांचं हार्ट पासष्ट टक्के गेलं’ असा. प्रत्यक्षात निरोगी हृदयाचा हा आकडाही शंभर नसतो. तो साधारण ५५ ते ७० च्या दरम्यान असतो. त्याच अहवालात आणखी एक ओळ असते, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही : ‘आरडब्ल्यूएमए प्रेझेंट’. म्हणजे रिजनल वॉल मोशन ॲबनॉर्मलिटी, हृदयाच्या भिंतीचा काही भाग नीट हलत नसणे. कोणता भाग, किती आणि का हलत नाही, यावर बायपास, स्टेंट, छातीत बसवायचे यंत्र की नुसती औषधे हा निर्णय बराचसा अवलंबून असतो. हृदयाचा एमआरआय या प्रश्नांची फार नेमकी उत्तरे देतो. मात्र त्या उत्तरांतून नको ते अर्थही काढले जातात.

पंपिंगचा आकडा अपुरा का पडतो?

‘ईएफ’ म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. हृदयाच्या डाव्या जवनिकेत समजा १२० मिलिलिटर रक्त भरले आणि एका ठोक्यात त्यातले ७० मिलिलिटर बाहेर गेले, तर ईएफ ५८ टक्के. हा एक भागाकार आहे. किती आत आले आणि किती बाहेर गेले, एवढेच तो सांगतो. आतल्या कोणत्या भिंतीने किती काम केले, याचा त्यात पत्ता नसतो.

त्यामुळे ईएफ ४० टक्के असलेले दोन रुग्ण अगदी वेगळे असू शकतात. एकाच्या हृदयाचा सगळाच स्नायू विषाणुसंसर्गानंतर किंवा वर्षानुवर्षांच्या दारूमुळे थोडा थोडा अशक्त झालेला असतो. दुसऱ्याला हार्ट अटॅक येऊन पुढची भिंत गेलेली असते आणि मागची व बाजूची भिंत तिच्या वाटणीचे काम ओढत असते. आकडा तोच, पण आजार वेगळा, उपचार वेगळे आणि पुढच्या पाच वर्षांचे चित्रही वेगळे.

याची उलट बाजू अधिक फसवी आहे. आकडा उत्तम, पण स्नायू आजारी. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी या बहुधा आनुवंशिक आजारात भिंत जाड होते, आतली पोकळी लहान होते आणि ईएफ ६५-७० टक्क्यांवर दिसतो. कागदावर हृदय धडधाकट असते, पण त्या जाड भिंतीचे प्रत्यक्ष आखडणे मोजले तर ते कमी भरते. डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आजाराच्या मुलांमध्येही ईएफ घसरण्याच्या आधीच भिंतीचे आकुंचन मंदावलेले एमआरआय अभ्यासांत दिसले आहे.

असे का होते, याचे उत्तर हृदयाच्या बांधणीत आहे. हृदयस्नायूचा एक तंतू आकुंचनाच्या वेळी जेमतेम १५ टक्क्यांनी आखडतो. तरीही जवनिका निम्म्याहून अधिक रक्त बाहेर टाकते. कारण हे तंतू सरळ रांगेत नसून मळसूत्रासारखे गुंडाळलेले असतात. आतल्या थराचा पीळ एका दिशेने, बाहेरच्या थराचा दुसऱ्या. ओला पंचा दोन्ही हातांनी पिळावा तसे हृदयाचे टोक एका बाजूला वळते आणि वरचा भाग विरुद्ध बाजूला. शिवाय भिंत आखडताना जाड होते आणि आतली जागा व्यापते. एवढ्या वेगवेगळ्या हालचालींची बेरीज होऊन ईएफ बनतो. त्यातली एक हालचाल मंदावली, तर बाकीच्या काही काळ सांभाळून घेतात आणि बेरीज बदलत नाही. आजार सुरू झालेला असतो, आकड्याला त्याची खबर नसते.

भिंतीची हालचाल तपासतात म्हणजे काय करतात?

२००२ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने डाव्या जवनिकेचे १७ खंड पाडण्याची पद्धत रूढ केली. वरच्या पातळीवर सहा, मध्ये सहा, खाली चार आणि टोकाचा एक. इको असो, एमआरआय असो की न्यूक्लिअर स्कॅन, सगळ्यांनी एकाच नकाशावर बोलावे हा हेतू. प्रत्येक खंडाला शेरा मिळतो. नीट हलतो, कमी हलतो, अजिबात हलत नाही, किंवा सगळ्यांत वाईट म्हणजे बाकीची भिंत आत येत असताना हा भाग उलट बाहेर फुगतो. कोणता खंड कोणत्या धमनीच्या वाट्याचा, हेही ढोबळमानाने ठरलेले आहे. म्हणून हालचालीचा नकाशा पाहून बिघाड कुठल्या धमनीत असावा, याचा अंदाज बांधता येतो.

यात एक मेख आहे. भिंत ‘हलणे’ आणि भिंतीने ‘काम करणे’ या दोन गोष्टी आहेत. गर्दीच्या वेळी लोकलच्या दारात सापडलेला माणूस पाऊल न उचलता फलाटावर पोहोचतो. हृदयातही मेलेल्या खंडाला दोन्ही बाजूंचे जिवंत शेजारी ओढून नेतात आणि पाहणाऱ्याला तो हलल्यासारखा वाटतो. म्हणून अनुभवी डॉक्टर भिंत किती सरकली यापेक्षा ती किती जाड झाली हे पाहतात. निरोगी भिंत आकुंचनावेळी मूळ जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जाड होते. मेलेली भिंत सरकेल, पण जाड होणार नाही.

हा फरक डोळ्यांनी टिपायचा तर चित्र स्वच्छ हवे. इकोच्या ध्वनिलहरींना बरगड्या, फुप्फुसातली हवा आणि चरबी आडवी येते. स्थूल रुग्ण, दम्याने किंवा धूम्रपानाने फुगलेली फुप्फुसे, छातीची आधी झालेली शस्त्रक्रिया, अशा वेळी काही खंड नीट दिसतच नाहीत आणि अहवालातला शेरा निम्मा अंदाजाने पडतो. इको करणाऱ्याला दोष देण्याचे त्यात कारण नाही, ती त्या तंत्राची मर्यादा आहे.

धडधडते हृदय एमआरआयमध्ये दिसते कसे?

एमआरआय शरीरातल्या पाण्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून येणारा रेडिओ संदेश टिपतो. क्ष-किरणांचा त्यात संबंध नाही. या तंत्रासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. अडचण अशी, की एमआरआय मुळात संथ आहे. मेंदू स्थिर असतो म्हणून चालते. हृदय मात्र सेकंदाला एकदा आकुंचन पावते, वर श्वासाबरोबर खालीवर होते.

यावरचा तोडगा गमतीचा आहे. रुग्णाच्या छातीला ईसीजीचे पॅच लावतात आणि यंत्र प्रत्येक ठोक्याच्या सुरुवातीपासून घड्याळ लावते. रुग्णाला दहा-पंधरा सेकंद श्वास रोखायला सांगतात. तेवढ्या वेळात जे दहा-बारा ठोके पडतात, त्या प्रत्येकातून यंत्र माहितीचा थोडा थोडा तुकडा गोळा करते आणि सगळे तुकडे जोडून एकाच ठोक्याची फिल्म तयार करते. पंचवीस-तीस चौकटींची. पडद्यावर हृदयाचा एक ठोका दिसतो, प्रत्यक्षात तो डझनभर ठोक्यांचे संकलन असतो. ठोके नियमित नसतील, एट्रियल फिब्रिलेशन असेल किंवा रुग्णाला श्वास रोखता येत नसेल, तर चित्र धूसर होते. अशांसाठी झटपट टिपण्याच्या पद्धती आहेत, पण त्यांत बारकावा थोडा कमी होतो.

साधारण आठ मिलिमीटर जाडीच्या चकत्या घेत वरपासून टोकापर्यंत सगळी जवनिका टिपली जाते. रक्त पांढरे, स्नायू काळसर, मधली कड रेखीव. हाड नाही, हवा नाही, आडोसा नाही. ईएफ मोजतानाही इकोप्रमाणे जवनिकेचा आकार गृहीत धरून सूत्र लावावे लागत नाही, चकत्यांची बेरीज करता येते. म्हणून हृदयाचे आकारमान व ईएफ मोजण्यात एमआरआय हा संदर्भमानक मानला जातो.

भिंतीच्या आत काय चालले आहे, हे कसे कळले?

स्वच्छ फिल्म मिळाली तरी एक कोडे उरतेच. स्नायू पडद्यावर एकसारखा काळा दिसतो. त्याच्या कडा कुठे गेल्या हे कळते. आतला कण कुठून कुठे गेला, वळला की ताणला गेला, ते कळत नाही. पांढऱ्याशुभ्र सदऱ्याला कुठे चुणी पडली ते लांबून कळत नाही, चौकडीच्या सदऱ्याला लगेच कळते. हृदयावर ही चौकडी आणायची कशी?

सुरुवातीचा मार्ग धाडसी होता. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे नील इंगल्स आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी हृदयस्नायूत टँटलम धातूच्या सूक्ष्म खुणा बसवल्या आणि नंतर क्ष-किरणांखाली त्या खुणांचा प्रवास मोजला. १९७५ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. माणसाच्या हृदयाची भिंत कशी पिळली जाते, याची पक्की मोजमापे त्यातून मिळाली. पण हे फक्त ज्यांची छाती अन्य कारणाने उघडलीच होती अशा मोजक्या रुग्णांत शक्य होते.

१९८८ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील एलायस झरहूनी यांच्या गटाने छाती न उघडता खुणा करण्याची युक्ती मांडली. हेच झरहूनी पुढे अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थचे संचालक झाले. कल्पना साधी होती. हृदय आकुंचन पावण्याच्या क्षणभर आधी ठरावीक पट्ट्यांमधल्या अणुकेंद्रांना रेडिओ स्पंदाने तात्पुरते ‘गप्प’ करायचे. त्या पट्ट्या चित्रात काळ्या रेघा म्हणून उमटतात. रेघा स्नायूवरच उमटलेल्या असल्याने स्नायू वळला की त्याही वळतात. पुढच्याच वर्षी पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील लिऑन ॲक्सेल आणि लॉरेन्स डॉहर्टी यांनी एका झटक्यात अख्खी समांतर रेघांची जाळी उमटवण्याची पद्धत दिली. या तंत्राला टॅगिंग म्हणतात. रांगोळीच्या ठिपक्यांच्या कागदासारखी चौकट हृदयावर पडते. जिवंत स्नायूत चौकोन दबतात, तिरके होतात. मेलेल्या भागात ते जवळपास जसेच्या तसे राहतात. शेजाऱ्यांनी ओढून नेलेला खंड इथे पकडला जातो.

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात तुळईवर भार टाकून जो ‘स्ट्रेन’ काढतात, तोच इथे हृदयावर काढला जातो : मूळ लांबीच्या तुलनेत लांबीत झालेला बदल. निरोगी डाव्या जवनिकेचा लांबीच्या दिशेचा स्ट्रेन साधारण उणे २० टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे स्नायू त्या दिशेने पाचव्या हिश्श्याने आखडतो. उणे चिन्ह आखडण्याचे. तुळई आणि हृदय यांत फरक एवढाच, की तुळई वाकली तर बिघाड समजावा, हृदय वाकले नाही तर.

पस्तीस वर्षे झाली, तरी स्ट्रेन अहवालात का नाही?

प्रश्न रास्त आहे. टॅगिंगच्या रेघा स्वतःहून विझत जातात. ठोक्याच्या शेवटी, हृदय सैल होण्याच्या वेळी, त्या फिकट झालेल्या असतात आणि नेमका तोच काळ अनेक आजारांत महत्त्वाचा असतो. सुरुवातीला रेघांचा माग हाताने काढावा लागे, एका रुग्णाला तास तास जात. १९९९ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्येच नाएल उस्मान आणि जेरी प्रिन्स यांनी ‘हार्प’ ही गणिती पद्धत आणली आणि हे काम खूपच वेगवान झाले. त्यानंतर साध्या फिल्ममधल्याच कडांचा माग काढणारे ‘फीचर ट्रॅकिंग’ सॉफ्टवेअर आले. त्याला वेगळे स्कॅनही लागत नाही, म्हणून आज तेच सर्वाधिक वापरात आहे.

पण सोय आली तिथे घोळही आला. वेगवेगळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर एकाच फिल्मवरून वेगवेगळे आकडे देतात. संपूर्ण जवनिकेचा सरासरी स्ट्रेन बऱ्यापैकी जुळतो, एकेका खंडाचा मात्र नाही. भिंतीच्या जाडीच्या दिशेचा स्ट्रेन तर सर्वांत डळमळीत. विरोधाभास असा, की जे तंत्र खंडाखंडातला फरक दाखवायला जन्माला आले, तेच दवाखान्यात खंडाच्या पातळीवर कमी विश्वासाचे ठरते आहे. कार्यशाळेतला साधा गेजही प्रमाणित केल्याशिवाय कुणी वापरत नाही, इथे मात्र चकचकीत रंगीत नकाशे प्रमाणीकरणाच्या आधी अहवालांत झळकू लागले आहेत. एका केंद्रात उणे १८ आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या केंद्रात उणे १५ आला, तर हृदय बिघडले असे समजायचे कारण नाही. तुलना करायचीच तर तेच सॉफ्टवेअर आणि शक्यतो तेच यंत्र हवे.

न हलणारी भिंत मेलेली की झोपलेली?

रुग्णाच्या दृष्टीने हा प्रश्न सगळ्यांत मोठा. भिंत हलत नाही याची तीन कारणे असू शकतात. पहिले, स्नायू मेला आहे आणि तिथे व्रण तयार झाला आहे. दुसरे, स्नायू ‘बधिर’ झाला आहे. अटॅकच्या वेळी धमनी बंद झाली, स्टेंट टाकून ती वेळेत उघडली, रक्त पुन्हा सुरू झाले, पण धक्का बसलेला स्नायू काही दिवस ते काही आठवडे कामावर रुजू होत नाही. यूजीन ब्राउनवाल्ड आणि रॉबर्ट क्लोनर यांनी १९८२ मध्ये याला ‘स्टन्ड मायोकार्डियम’ असे नाव दिले. तिसरे, स्नायू ‘निद्रिस्त’ आहे. महिनोन्महिने तुटपुंजे रक्त मिळाल्याने त्याने खर्च कमी केला आहे. जिवंत राहायचे, पण काम करायचे नाही. ही ‘हायबरनेशन’ची कल्पना सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे शहाबुद्दीन रहिमतुला यांनी १९८० च्या दशकात रुजवली.

नुसती हालचाल पाहून या तिघांत फरक करता येत नाही. एमआरआयचे खरे बळ इथे दिसते, कारण त्याच एका तपासणीत दुसरा प्रश्नही विचारता येतो. शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध देतात आणि दहा-वीस मिनिटांनी पुन्हा चित्रे घेतात. निरोगी स्नायूतून औषध निघून गेलेले असते, व्रणाच्या भागात ते रेंगाळते आणि तो भाग पांढरा चमकतो. चमकते ते मेलेले. भिंतीची जाडी सात-आठ मिलिमीटर असली, तरी त्यातला आतला किती हिस्सा मेला आणि बाहेरचा किती जिवंत, हेही दिसते.

शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील रेमंड किम, रॉबर्ट जड आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बायपास किंवा अँजिओप्लास्टीच्या आधी एमआरआय, नंतर पुन्हा एमआरआय. ज्या नादुरुस्त खंडांत आधी अजिबात चमक नव्हती, अशा ३२९ पैकी २५६ खंडांची हालचाल सुधारली. ज्यांत जाडीच्या ७५ टक्क्यांहून अधिक भाग चमकत होता, अशा ५८ खंडांपैकी फक्त एक सुधारला. इतका स्पष्ट निकाल वैद्यकशास्त्रात क्वचित मिळतो.

बधिर स्नायूचा मुद्दा तर थेट खिशाशीही जोडलेला आहे. ईएफ ३५ टक्के किंवा त्याहून कमी असेल तर जीवघेण्या ठोका-बिघाडापासून वाचवण्यासाठी छातीत ‘आयसीडी’ बसवण्याचा सल्ला दिला जातो. पण मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की अटॅकनंतर किमान ४० दिवस आणि बायपास-अँजिओप्लास्टीनंतर तीन महिने थांबा, औषधे नीट द्या, मग पुन्हा मोजा. याचे एक कारण हेच. अटॅकच्या तिसऱ्या दिवशी ३२ टक्के असलेला आकडा भिंत जागी झाल्यावर ४५ होऊ शकतो. घाईने मोजलेल्या आकड्यावर घेतलेला निर्णय मग आयुष्यभर छातीत राहतो.

मग जिवंत भिंतीला रक्त मिळाले की काम झाले?

तर्काने तसेच वाटते आणि दोन दशके हृदयरोगतज्ज्ञ बहुतांशी तसेच मानत आले. ‘वायबिलिटी आहे, म्हणून स्टेंट टाकू’ हे वाक्य आजही ऐकू येते. पण २०२२ मध्ये ब्रिटनमधील ‘रिव्हाइव्हड’ चाचणीचे निकाल आले. धमन्यांच्या आजाराने ईएफ ३५ टक्के किंवा कमी झालेले आणि किमान चार खंडांत जिवंतपणाचा पुरावा असलेले ७०० रुग्ण. निम्म्यांना अँजिओप्लास्टी आणि उत्तम औषधे, निम्म्यांना फक्त उत्तम औषधे. सुमारे साडेतीन वर्षांच्या पाठपुराव्यात मृत्यू किंवा हृदय निकामी होऊन रुग्णालयात दाखल होणे, हे पहिल्या गटात ३७.२ टक्के आणि दुसऱ्या गटात ३८ टक्के. म्हणजे फरक नाही. पुढे याच रुग्णांच्या माहितीचे विश्लेषण झाले. बहुसंख्य रुग्णांचा जिवंतपणा एमआरआयनेच तपासला होता. जिवंत स्नायू किती, याचा अँजिओप्लास्टीच्या फायद्याशी संबंध दिसला नाही. मेलेला स्नायू किती, याचा मात्र पुढे काय होणार याच्याशी संबंध होता.

बायपासचे चित्र थोडे वेगळे आहे. ‘स्टिच’ या १,२१२ रुग्णांच्या चाचणीत पाच वर्षांच्या आसपास एकूण मृत्यूंत ठोस फरक नव्हता. दहा वर्षांनी मात्र बायपास गटात ५८.९ टक्के आणि औषध गटात ६६.१ टक्के मृत्यू झाले होते. बायपासचा फायदा झाला, पण जिवंतपणाची चाचणी होकारार्थी असलेल्यांनाच तो अधिक झाला, असे त्यातही सिद्ध झाले नाही. त्यात वायबिलिटीसाठी एमआरआय वापरला नव्हता, हा आक्षेप खरा आहे. पण ‘रिव्हाइव्हड’नंतर त्या आक्षेपाची धार बोथट झाली.

किम यांचा अभ्यास आणि ‘रिव्हाइव्हड’ एकमेकांविरुद्ध आहेत का? नाहीत. पहिल्याने विचारले, ‘भिंत पुन्हा हलेल का?’ दुसऱ्याने विचारले, ‘माणूस अधिक जगेल का?’ पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चालवून घेणे, ही चूक. एमआरआयचे चित्र कितीही सुंदर असो, ते स्टेंटचा फायदा सिद्ध करत नाही. छातीत दुखणे थांबत नसेल किंवा अटॅक सुरू असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे अँजिओप्लास्टीची कारणे वेगळी आणि भक्कम आहेत. पण दुखणे नाही, प्रकृती स्थिर आहे, औषधे अजून पूर्ण मात्रेत दिलेलीच नाहीत आणि केवळ ‘भिंत जिवंत आहे’ म्हणून स्टेंट सुचवला जात असेल, तर दुसरे मत घ्यावे.

धमन्या मोकळ्या, तरी भिंत ढिली?

हा प्रकार डॉक्टरांनाही चकवतो. साठीतली बाई, घरात नुकतीच कुणी गेलेले, छातीत कळ, ईसीजी आणि रक्ततपासणी अटॅकसारखी. अँजिओग्राफी केली तर धमन्या मोकळ्या. इकोत मात्र हृदयाचे टोक फुग्यासारखे फुगलेले आणि निश्चल. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी याचे वर्णन केले आणि ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यावरून ‘ताकोत्सुबो’ नाव दिले. त्याचे रुग्ण मुख्यतः रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रिया. इथे हालचालीचा नकाशाच निदान सुचवतो. ढिला भाग कोणत्याही एका धमनीच्या हद्दीत बसत नाही, तो हद्दी ओलांडतो. एमआरआयमध्ये भिंतीत सूज दिसते, व्रण सहसा नसतो आणि बहुतेकांची भिंत काही आठवड्यांत पूर्ववत होते. हृदयस्नायूच्या दाहात, म्हणजे मायोकार्डायटिसमध्ये, चमक भिंतीच्या बाहेरच्या बाजूने दिसते, अटॅकमध्ये आतल्या. ‘अटॅक येऊन गेला’ असा शिक्का बसून आयुष्यभर औषधे घ्यायची की नाही, हे या फरकावर ठरते. मोकळ्या धमन्या आणि न हलणारी भिंत, अशा वेळी एमआरआय टाळू नये.

प्रत्येक हृदयरुग्णाने हा एमआरआय करावा का?

नाही. बहुतेकांना चांगला टूडी इको पुरतो, तो पलंगाशेजारी होतो, स्वस्त आहे आणि तालुक्याच्या गावीही मिळतो. हृदयाच्या एमआरआयला अर्धा ते एक तास नळकांड्यात पडून राहावे लागते आणि पुन्हा पुन्हा श्वास रोखावा लागतो. बंद जागेची भीती असणाऱ्यांना ते जड जाते. जुन्या पद्धतीचा पेसमेकर असेल तर आधी सांगणे आवश्यक. मूत्रपिंड फारच कमजोर असेल तर गॅडोलिनियमबाबत सावधगिरी हवी, पण हालचालीची फिल्म त्या औषधाशिवायही घेता येते, हे अनेकांना माहीत नसते.

यंत्र आले म्हणजे हृदयाचा एमआरआय आला, असेही नाही. गुडघ्याचा आणि मणक्याचा एमआरआय करणाऱ्या केंद्रात हृदयाचे सॉफ्टवेअर आणि ईसीजीची जोडणी असेलच असे नाही. असली तरी ते वाचणारा माणूस लागतो. मार्च २०२५ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’ने मुंबईत मुख्यालय असलेल्या ‘समीर’ या सरकारी संस्थेशी देशी १.५ टेस्ला एमआरआय यंत्राच्या चाचण्यांसाठी करार केला. देशी यंत्राने किंमत उतरली तर चांगलेच आहे. पण ठोक्यागणिक तुकडे जोडणारे तंत्रज्ञ आणि १७ खंड डोळ्यांत तेल घालून पाहणारे डॉक्टर यंत्राबरोबर खोक्यातून येत नाहीत, आणि त्यांच्या प्रशिक्षणाची चर्चा यंत्राच्या बातमीइतकी होत नाही.

एमआरआय सुचवला गेला तर रुग्णाने एकच विचारावे : याचा निकाल असा आला तर काय करणार आणि तसा आला तर काय? दोन्ही उत्तरे सारखीच असतील, तर तपासणीची गरज नाही. आणि तपासणी झालीच, तर मोठ्या लिफाफ्यातल्या फिल्मवर समाधान मानू नये. त्या फिल्मवर हृदय गोठलेले असते, हालचाल दिसत नाही. सीडी किंवा लिंक मागून घ्यावी आणि जपून ठेवावी. सहा महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरला भिंत सुधारली की नाही हे पाहायचे असेल, तर जुनी हलती चित्रेच शेजारी ठेवावी लागतात.